खाडी कचरा सोडत नाही : मोजणी आणि सफाईच्या प्रकल्प नोंदी

१२ मार्च २०२४ : वरची हद्द

परवा अमावास्या झाली आणि विषुवदिन जवळ आला आहे. वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरत्यांपैकी) हे एक, त्यामुळे मोजणीची वरची हद्द आखायला हाच मुहूर्त. भरती टेकली तेव्हा पाणी जिथवर पोचले तिथे दर २० मीटरवर लाकडी खुंट ठोकले आणि जीपीएसवर जागा नोंदवल्या. हातातल्या साध्या जीपीएसमध्ये ३ ते ५ मीटरचा फरक सहज पडतो. सपाट चिखलावर ५ मीटर म्हणजे उंचीत काही सेंटिमीटरच, पण एखादी जागा रोज भिजते की महिन्यातून दोनदाच, हे तेवढ्यावर ठरते. म्हणून खुंटांची उंची गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने एकमेकांशी ताडून घेतली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही, म्हणून नळी भरताना एक टोक खाली धरून पाणी सावकाश सोडायचे.

एकाच वेळी कचऱ्याच्या दोन-तीन रेषा दिसतात. सगळ्यात वरची मागच्या मोठ्या उधाणाची: वाळलेली, थर्माकोल, चपला आणि टोपणांनी भरलेली. खाली अलीकडच्या भरत्यांच्या ओल्या रेषा. उधाण उतरून भांगाकडे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीकडे) जाताना पाणी रोज थोडे कमी चढते, म्हणून प्रत्येक नवी रेषा आधीच्या रेषेच्या खाली पडते आणि जुनी शाबूत राहते. भांगाकडून उधाणाकडे जाताना उलटे होते. चढते पाणी जुन्या रेषा पुसत सगळा माल वर ढकलत जाते. दोन मोजण्यांची तुलना करायची तर दोन्ही चंद्राच्या एकाच टप्प्यावर व्हायला हव्यात. आम्ही अमावास्या-पौर्णिमेनंतरचा दुसरा ते चौथा दिवस धरला आहे.

१९ मार्च २०२४ : पट्टे कुठे टाकायचे

समुद्रकिनाऱ्यावरच्या कचरा-मोजणीची रूढ पद्धत म्हणजे किनाऱ्याला समांतर १०० मीटरची पट्टी. ईशान्य अटलांटिकच्या देशांनी ऑस्पार कराराखाली ती रुजवली. उघड्या वाळूच्या किनाऱ्यावर ती चांगली चालते. खाडीत ती फसवते, कारण इथे १०० मीटरांत वाळूचा दांडा, चिखलपाट, तिवरांची (खारफुटीच्या झाडांची) कड आणि बांध हे सगळे येऊ शकते आणि प्रत्येक जागेची कचरा धरण्याची क्षमता वेगळी असते. त्यांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तो कुठल्याच जागेचा नसतो.

म्हणून पाण्याच्या कडेपासून उधाणाच्या रेषेपर्यंत आडवे पट्टे आखले, आणि तेही पाच प्रकारच्या जागी: मुखाजवळचा वाळूचा दांडा, वळणाची आतली बाजू, तिवरांची पाण्याकडची कड, तिवरांच्या आत ३० मीटर, आणि भरतीचा प्रभाव संपतो तिथला नदीकाठ. प्रत्येक प्रकारात तीन पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर दर ५ मीटरला १ चौरस मीटरची चौकट. चौकटीची जागा दोरीवरच्या खुणेवरूनच ठरवायची. ती नजरेने निवडली की पाय आपोआप कोरड्या, चालायला सोप्या जागेकडे वळतात आणि आकडा घसरतो. तिवरांच्या आत हे हमखास होते.

चौकट पीव्हीसी नळीची न करता ॲल्युमिनियमच्या पट्टीची केली. नळीत पाणी आणि गाळ शिरतो, शिवाय प्लास्टिक मोजायला जाताना प्लास्टिकची भुकटी सोबत न्यायची नसते.

२७ मार्च २०२४ : पहिली मोजणी, आकार आणि वजन

आकाराचे गट असे: १ मीटरपेक्षा मोठे, २५ मिलिमीटर ते १ मीटर, ५ ते २५ मिलिमीटर, आणि ५ मिलिमीटरपेक्षा लहान. शेवटचा गट डोळ्यांनी मोजायचा नाही, त्यासाठी गाळाचा वेगळा नमुना. बाकीचे चौकटीत दिसेल ते पृष्ठभागावरचे, आणि अर्धे गाडलेले असेल तर वेगळ्या रकान्यात. हा रकाना अनेक नमुना-तक्त्यांत नसतोच, पण खाडीत तोच सर्वांत बोलका असतो. सुटा पडलेला तुकडा पुढच्या भरतीला उठेल, अर्धा गाडलेला बहुधा आता इथलाच झाला.

वजनाची मोठी अडचण म्हणजे चिखल. पातळ पिशवी घडीघडीत गाळ धरते, आणि न धुता वजन केले तर त्यात प्लास्टिकपेक्षा गाळच जास्त भरतो. क्रम असा ठेवला आहे: ५ मिलिमीटर चाळणीवर खाडीच्याच पाण्याने धुणे, घड्या उलगडून पुन्हा धुणे, जाळीवर निथळणे, सावलीत वाळवणे, वजन स्थिर होईपर्यंत थांबणे. लागोपाठच्या दोन वजनांत १ टक्क्यापेक्षा कमी फरक आला की वजन स्थिर मानायचे. चिकटलेल्या कालव-बार्नेकलांचे (कवचाच्या जिवांचे) वजन वेगळे घ्यायचे, फेकून द्यायचे नाही. तुकडा पाण्यात किती काळ होता याचा तो ढोबळ पुरावा असतो.

नग आणि वजन दोन्ही नोंदवायचे. नुसत्या नगांत फुटलेल्या थर्माकोलचे शंभर कण जिंकतात, नुसत्या वजनात एकच ओली जाळी जिंकते.

१० एप्रिल २०२४ : तरंगत्या खुणा

कचरा नदीतून येतो आणि समुद्रात जातो, हे चित्र डोक्यातून काढायला हा प्रयोग सगळ्यात उपयोगी. कागदावरचा हिशोबच पुरेसा आहे. ओहोटीचा सरासरी वेग सेकंदाला ०.५ मीटर आणि ओहोटी ६ तास धरली तर पाण्याचा एक थेंब एका ओहोटीत ०.५ × २१,६०० म्हणजे १०.८ किलोमीटर खाली जातो. मुख त्याहून लांब असेल तर तो बाहेर पडण्याआधीच भरती सुरू होते आणि त्याला परत वर नेते. नदीचा स्वतःचा प्रवाह त्याला रोज थोडे थोडे खाली सरकवतो, तेवढीच निव्वळ प्रगती. कोरड्या दिवसांत ती इतकी कमी असते की तुकडा आठवडेच्या आठवडे येरझारा घालत राहतो, आणि प्रत्येक फेरीत त्याला काठावर अडकण्याची दोनदा संधी मिळते.

खुणा दोन तऱ्हांच्या केल्या. एक लाकडी ठोकळा, १० × १० × ५ सेंटिमीटर, खालून वजन लावून जवळजवळ पाण्याच्या सपाटीला तरंगणारा. दुसरा बिनवजनाचा, निम्मा पाण्याबाहेर. पहिला पाण्याबरोबर जातो, दुसऱ्याला वारा ढकलतो. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच वेळी सोडायचे, म्हणजे दोन वाटांमधला फरक हा वाऱ्याचा वाटा ठरतो. काही ठोकळ्यांत जीपीएस-यंत्र बसवले, दर १० मिनिटांनी नोंद करणारे. झाडांखाली अडकलेल्या यंत्राचा संकेत तुटतो. तेव्हा शेवटच्या नोंदीपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूची कड आधी शोधावी.

थर्माकोल, रिकाम्या झाकणबंद बाटल्या आणि बोये वाऱ्याचे गुलाम. ते वाऱ्याच्या खालच्या काठावर साचतात, मग पाणी कुठेही जावो. पाण्याने भरलेली पिशवी वाऱ्याला दाद देत नाही, ती पाण्याच्या प्रवाहासोबत हिंडते. त्यामुळे एकाच खाडीचे दोन काठ वेगवेगळ्या कचऱ्याचे असतात. एका काठाची पाहणी करून खाडीत थर्माकोल फार आहे असे लिहिणे धाडसाचे.

फ्रान्समध्ये सेन नदीच्या मुखात जीपीएस-खुणा सोडून असाच अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला. जवळजवळ प्रत्येक खूण वाटेत कधी ना कधी काठाला लागली.

पाण्यावर फेसाची लांब रेघ दिसली की ती नोंदवायची. तिथे दोन वेगळ्या घनतेचे पाणी एकमेकांना भिडते, जड पाणी खाली बुडी मारते आणि तरंगणारे सगळे रेघेवर गोळा होते. काडीकचरा, मत्स्यबीज, पिशव्या, सगळे एकत्र. पक्षी आणि मासे तिथेच खायला येतात, हीच त्यातली अडचण.

२५ एप्रिल २०२४ : जाळे ओढणे

पृष्ठभागावरच्या बारीक तुकड्यांसाठी मँटा जाळे, म्हणजे होडीमागे पाण्याच्या वरच्या थरातून ओढायचे जाळे, ०.३ मिलिमीटर भोकाचे. तोंड ६० सेंटिमीटर रुंद, १५ सेंटिमीटर पाण्यात बुडालेले. १,००० मीटर ओढले तर ०.६ × ०.१५ × १,००० = ९० घनमीटर पाणी गाळले गेले.

पण हे १,००० मीटर पाण्यातले हवेत, जमिनीवरचे नाहीत. समुद्रात हा फरक सहसा दुर्लक्षित राहतो, खाडीत नाही राहू शकत. सेकंदाला १ मीटर प्रवाहात १५ मिनिटे होडी चालली तर पाणी स्वतःच ९०० मीटर सरकलेले असते. होडी प्रवाहाविरुद्ध असेल तर जीपीएस अंतर कमी दाखवते, प्रवाहासोबत असेल तर जास्त. उपाय एकच: जाळ्याच्या तोंडात प्रवाहमापक. तो मधोमध न लावता कडेपासून पाव अंतरावर बसवायचा, उलट फिरू नये म्हणून अडकणी असलेला घ्यायचा, आणि जाळे पाण्यात जाण्याआधी व बाहेर आल्यावर दोन्ही वेळा आकडा लिहायचा.

गढूळ पाण्यात जाळे लवकर बुजते. बुजल्यावर पाणी तोंडासमोर तुंबून बाजूने वळते, आणि गाळलेले पाणी प्रत्यक्षापेक्षा जास्त धरले गेले की कचरा कमी निघतो. समुद्रातल्या ३० मिनिटांऐवजी इथे ५ ते १० मिनिटेच ओढायचे आणि नमुने वाढवायचे. प्रवाहमापकाची गती उत्तरार्धात एक चतुर्थांशाहून जास्त घसरली असेल तर तो नमुना बाद.

कपड्यांचे धागे जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाडीचे, ०.३ मिलिमीटरच्या भोकातून उभे निसटतात. धाग्यांसाठी स्टीलच्या बादलीने थेट पाणी उचलायचे आणि ते प्रयोगशाळेत गाळायचे. जाळ्यातले धागे मोजून त्यांचा प्रति घनमीटर आकडा देऊ नये.

१३ मे २०२४ : तळाचा हिशोब

वर फक्त टोपणे दिसतात, बाटल्या कुठे गेल्या? उत्तर घनतेत आहे (आकडे ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर). पॉलिप्रॉपिलीन सुमारे ०.९०, पॉलिइथिलीन ०.९१ ते ०.९७, पॉलिस्टायरीन १.०५ च्या आसपास, नायलॉन १.१४, पेट (बाटल्यांचे प्लास्टिक) १.३८. समुद्राचे पाणी सुमारे १.०२५, नदीचे १.०००. टोपण तरंगते आणि भरतीरेषेला येते. उघडी बाटली पाण्याने भरते आणि तळाला जाते. १.०१ घनतेचा एखादा शेवाळलेला तुकडा खाऱ्या पाण्यात तरंगतो आणि गोड्या पाण्यात शिरताच बुडतो. म्हणजे खाडीत वर-खाली सरकणारा एकच तुकडा त्याच दिवशी दोन्ही करू शकतो.

बुडालेल्या मालाची दिशा मात्र उलटी असते. नदीचे हलके पाणी वरून बाहेर जाते, समुद्राचे जड पाणी तळातून पाचरीसारखे आत येते. तरंगणारे बाहेर, बुडालेले आत. ही दोन पाणी जिथे मिसळतात तिथे, खारटपणा अगदी कमी असताना, चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात आणि गढूळपणाचा पट्टा तयार होतो. बारीक प्लास्टिक त्या गुठळ्यांत अडकून त्यांच्याबरोबर बसते. उथळ खाड्यांत भरती थोडक्या वेळात जोरात येते आणि ओहोटी रेंगाळत जाते. जोराची भरती गाळ उचलून आत आणते, मंद ओहोटी तो परत नेऊ शकत नाही.

नमुना: ५ सेंटिमीटर व्यासाची स्टीलची नळी, वरचे ५ सेंटिमीटर. ४० अंशांवर वाळवणे. १०० च्या वर वाळवले तर काही प्लास्टिक मऊ पडून आकार बदलते. मग घनतेने वेगळे करणे. मिठाचे संपृक्त पाणी (लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम) घनतेत १.२ पर्यंतच जाते. पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन आणि नायलॉन त्यात वर येतात, पेट आणि पीव्हीसी तळाशीच राहतात. खाडीच्या तळात नेमके हेच जड प्लास्टिक जास्त असते, त्यामुळे मीठ-पाण्यावर थांबलेली पाहणी खाडीपुरती अपुरी. झिंक क्लोराइडचे द्रावण १.५ ते १.७ पर्यंत नेता येते, पण ते दाहक आणि जलचरांना विषारी आहे. हातमोजे, चष्मा, गाळून पुन्हा वापर, आणि मोरीत एक थेंबही नाही.

चिकणमाती दोन तासांत बसत नाही. रात्रभर ठेवायचे, त्याआधी गुठळ्या सुटण्यासाठी सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या पाण्यात ढवळायचे. मुळांचे तंतू आणि पानांचा चुरा जाळायला ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि फेरस सल्फेट. हे मिश्रण स्वतःहून तापते आणि उतू जाते. चंचुपात्र बर्फात ठेवून तापमान ४० च्या खाली धरायचे. कॉस्टिक पोटॅशचे १० टक्के द्रावण शिंपल्यांच्या मांसासाठी चांगले, पण वनस्पतीच्या तंतूंवर ते फारसे चालत नाही, आणि गरम केले तर पॉलिएस्टरलाही खाते.

प्रत्येक फेरीत शेजारी उघडा ओला गाळणकागद ठेवायचा. त्यावर जमलेले धागे नमुन्यातून वजा. कपडे सुतीच. गाळात शिरताना वापरलेली निळी नायलॉन दोरी नंतर सूक्ष्मदर्शकाखाली भेटते, म्हणून ज्या ज्या रंगाचे प्लास्टिक सोबत नेले त्याची यादी नमुन्याच्या चिठ्ठीवरच लिहायची. अवरक्त किरणांच्या यंत्रावर काळे तुकडे बहुधा ओळखू येत नाहीत, कारण काजळी किरण शोषून घेते. टायरचे कण त्यातच मोडतात. अहवालात ‘अनोळखी काळे’ असा स्वतंत्र गट ठेवायचा.

२४ मे २०२४ : तिवरांखाली

तिवराची श्वसनमुळे चिखलातून उभी वर येतात, साधारण वीतभर. त्यांच्या सालीवरच्या बारीक छिद्रांतून हवा खाली जाते, कारण चिखलात काही मिलिमीटर खाली प्राणवायू नसतो. कचरा अडवायला याहून चांगली रचना नाही: भरतीचे पाणी आत शिरते, मुळांनी वेग मंदावतो, हातातले सगळे तिथेच टाकून पाणी निथळते.

मापण्यासाठी १ मीटरच्या चौकटीत उभ्या-आडव्या दहा-दहा दोऱ्या, म्हणजे १०० छेद. ज्या छेदाखाली प्लास्टिक तो मोजायचा. आकडा थेट टक्केवारी देतो. पातळ पिशव्या आणि प्लास्टिकचे पत्रे वेगळे, बाकीचे वेगळे, कारण घातक आहे ते झाकणे. दहा बाटल्या मुळांमध्ये पडल्या तर हवा चालूच राहते. एकच ताडपत्री शेकडो मुळे झाकते.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर तिवरांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जमिनीवर दर चौरस मीटरला सरासरी २७ प्लास्टिकचे तुकडे होते. तिथल्या प्रयोगात मुळे अर्धी झाकली तर झाडांनी तग धरला, पूर्ण झाकली तेव्हा पाने गळाली आणि झाडे मरू लागली. म्हणून सफाईचा क्रम टक्केवारीवर लावला आहे: ५० च्या वर ती जागा आधी, मग बाकी. रस्त्यालगतचा दिसणारा कचरा आधी उचलायचा मोह होतो. तो थांबू शकतो.

झाडे नसलेला चिखलपाटही सुटत नाही. डब्लिनजवळच्या भरतीच्या किनाऱ्यावर पिशव्या पसरून केलेल्या प्रयोगात ९ आठवड्यांत खालचा गाळ प्राणवायूविना झाला, त्यातले किडे-गांडुळवर्गीय जीव घटले आणि वरच्या शैवालाची वाढ कमी झाली. विघटनशील म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीनेही तेच केले. किनारी पाणपक्षी ओहोटीला येतात ते याच जिवांसाठी. शेतातल्या ओळखीच्या शब्दात सांगायचे तर हे आच्छादनच, फक्त कुजणारे नाही.

रोपांचे नुकसान वेगळ्या तऱ्हेने होते. दोन-चार पानांच्या रोपाला पिशवी गुंडाळली की भरतीला ती शिडासारखी फुगते आणि रोप उपटते. त्यामुळे नोंदीत रोपाभोवतीचे तुकडे वेगळे दाखवायचे.

बेवारस जाळी हा स्वतंत्र विषय. कांदळाच्या कमानी मुळांत अडकलेले जाळे प्रत्येक भरतीला उघडते आणि मासे-खेकडे धरत राहते. जहाजांवरून प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने ३१ डिसेंबर १९८८ पासून बंदी आहे, पण जाळे वाहून जाणे हा अपघात असेल तर ते त्यात बसत नाही. नोंदीत भोकाचा आकार, दोऱ्याची जाडी आणि रंग लिहिला तर जाळ्याचा प्रकार ओळखता येतो आणि बोलायचे कोणाशी ते कळते.

२ जुलै २०२४ : पहिला लोंढा

पुलावरून मोजणी. पात्राची रुंदी पाच भागांत, प्रत्येक भागावर ५ मिनिटे, २.५ सेंटिमीटरपेक्षा मोठे तरंगणारे तेवढेच. पाणी चढत असताना कचरा जास्त येतो, उतरताना कमी, कारण काठावर आणि नाल्यांत कोरड्या दिवसांत साचलेले पहिल्या चढत्या पाण्याबरोबर उचलले जाते. शिखर गाठल्यावर मोजायला गेले तर निम्मी गोष्ट आधीच निघून गेलेली असते.

तळातलेही उखडते. इंग्लंडच्या वायव्य भागात नद्यांच्या तळातले सूक्ष्म प्लास्टिक पुराच्या आधी आणि नंतर मोजले गेले, २०१८ मध्ये प्रसिद्ध. सुमारे ७० टक्के साठा पुराने धुऊन नेला होता. ते नदीच्या तळाबाबत. पुढे खाडीत किती अडले, हा प्रश्न भरतीच्या टप्प्यावर सोपवावा लागतो.

यंदा लोंढा भांगाच्या दिवसांत आला. पाणी तिवरांच्या आत फारसे चढले नाही, माल कडेवर आणि चिखलपाटावर पडला. चांगले वाटते, पण अमावास्या ५ जुलैला आहे.

८ जुलै २०२४

उधाणाने तो माल उचलून आत नेला. कडेच्या चौकटी हलक्या झाल्या, आत ३० मीटरच्या भरल्या. कडेची सफाई लोंढा आणि पुढचे उधाण यांच्यामधल्या चार-पाच दिवसांत करता आली तर एका माणसाचे काम चार माणसांइतके ठरते. नंतर तोच माल मुळांतून एकेक वेचावा लागतो.

२१ सप्टेंबर २०२४ : सफाई

वेळ ओहोटी टेकण्याच्या दीड-दोन तास आधी आत, पाणी फिरल्यावर तासाभरात बाहेर. चिखलात एका वाटेने जायचे आणि त्याच वाटेने परत. श्वसनमुळांवर पाय पडला की ती मोडतात, म्हणून वाटेवर फळ्या. यंत्र नाही, दाताळे नाही. नुकतीच रुजलेली रोपे आहेत, त्यांच्या भोवती हातानेच.

दोरी आणि जाळी ओढायची नाही, कापायची. ओढली की साल सोलते. कालवे चढलेल्या जाळीचा सुटा भाग कापून घ्यायचा, रुतलेला तसाच ठेवायचा. अर्धे गाडलेले जे हलक्या हाताने निघत नाही तेही राहू द्यायचे. एक पत्रा उपसताना घमेलेभर मातीसह मुळे बाहेर येत असतील तर नफ्यापेक्षा तोटा जास्त. ही गोष्ट स्वयंसेवकांना पटवायला सर्वांत जड जाते.

पाने, काटक्या, शेवाळ जागेवरच. भरतीरेषेतला काडीकचरा चाळणीवर हलवून प्लास्टिक घ्यायचे आणि बाकीचे परत टाकायचे. तो खेकडे आणि पिसवांसारखे उड्या मारणारे बारीक किनारी जीव यांचे घर आणि अन्न दोन्ही आहे.

सुया आणि काच चिमट्याने, वेगळ्या जाड डब्यात. भरलेली पोती उधाणाच्या खुंटांच्या वरच रचायची. खुंटांच्या खाली रात्रभर ठेवलेला ढीग सकाळी सापडत नाही.

२१ ऑक्टोबर २०२४ : तरंगता अडथळा

वरच्या नाल्याच्या तोंडावर अडथळा लावायचा आहे. गणित तेल अडवणाऱ्या पडद्यांकडून घेतले: पडद्याला काटकोनात येणारा वेग सेकंदाला ०.३५ मीटरच्या वर गेला की माल पडद्याखालून निसटतो. प्रवाह १ मीटर असेल तर पडदा प्रवाहाशी सुमारे २० अंशांचा कोन करून तिरका लावला की काटकोनातला वेग ०.३४ होतो. म्हणजे १० मीटर रुंद नाल्याला जवळजवळ ३० मीटरचा पडदा. खर्च इथेच वाढतो आणि लोक इथेच पडदा आडवा लावून मोकळे होतात.

पडद्याची झालर ३० सेंटिमीटर, तळाशी साखळी. त्याहून खोल झालर जोर धरते आणि मासे अडवते. काठावरची टोके उभ्या खांबावर सरकत्या कड्यांनी बांधायची. पक्की बांधली तर भरतीला टोक बुडते आणि ओहोटीला हवेत लटकते, दोन्ही वेळा दार उघडे. भरतीचा प्रवाह उलट येतो, त्यामुळे पडद्याच्या वरच्या बाजूला साठलेला माल तासाभरात परत वर निघतो. गोळा करण्याच्या कोपऱ्यावर एकाच दिशेने उघडणारी जाळीची झडप हवी. आणि रोज रिकामा करायला माणूस. न उपसलेला अडथळा पहिल्या लोंढ्यात तुटतो आणि महिन्याचा कचरा एका तासात सोडतो. माणूस ठरलेला नसेल तर पडदा लावू नये.

१८ नोव्हेंबर २०२४ : खुणा रंगवणे

साफ केलेल्या चौकटीत महिन्याने सापडलेला कचरा नवा आला की बाजूच्या गाळातून वर आला, हे नुसत्या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक प्रकारच्या जागेत एक पट्टा न उचलता ठेवला आहे. तिथल्या २५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या तुकड्यांवर जागेवरच रंगाचा ठिपका आणि क्रमांक: दांड्यावर पिवळा, वळणावर लाल, कडेवर पांढरा, आत नारिंगी, नदीकाठावर निळा. रंग धातूवर चालणारा इनॅमल, तुकडा पुसून कोरडा करून. ओल्यावर लावला तर पुढच्या भरतीला निघतो. तरंगणाऱ्या हलक्या तुकड्यांना ठिपका लहान ठेवायचा, नाहीतर वजन बदलते.

सफाई करणाऱ्यांना रंगांचा तक्ता दिला आहे. रंगीत तुकडा सापडला तर उचलायचा नाही, जागा आणि क्रमांक लिहायचा. टोपणे आणि बाटल्या यांचा मेळ प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळा लिहायचा: बाटल्यांहून टोपणे फार जास्त असतील तर बाटल्या जवळच्या खोल वळणाच्या तळात शोधायच्या. तिथले नमुने डिसेंबरच्या अमावास्येनंतर, लांब दांड्याच्या स्टीलच्या पंजाने, ओहोटी थांबलेली असतानाच्या अर्ध्या तासात.